दहा फुटी मशीनची उचकी

कोल्हापूरच्या उद्यमनगरात असं बोललं जायचं की शालनमावशी आमच्या फ्लेक्सच्या मशीनला मंत्र मारते. समोरच्या लेथवाल्यांनी म्हणे डोळ्यांनी बघितलं होतं. मशीन बिघडलं की बाई त्याच्या पत्र्याला कान लावते, डोळे मिटून काहीतरी पुटपुटते आणि घटकाभरानं मशीन गुमान चालायला लागतं. एकानं तर पुढं जोडून दिलं की ती काळी शाई बोटावर घेऊन चाखते. ही बातमी इतकी पसरली की कागलचा एक झेरॉक्सवाला, मशीन कागद खातंय म्हणून, तिच्याकडं अंगारा मागायला आला.

"अंगारा न्हाय ओ पावणं," मावशी म्हणाली. "ब्रश हाय. आत तुकडा अडकला असंल, काढा जावा."

"मग त्ये पुटपुटताय त्ये काय असतंय?"

"पाढं."

झेरॉक्सवाल्याला ती थट्टा वाटली, पण ते बरंचसं खरं होतं. मी दुकानाच्या मालकांची, आण्णांची मुलगी. दोन हजार सहा साली दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाले होते, आणि दुकानात बसून माणसांचे आवाज चोरणं, म्हणजे नकला करणं, हा माझा सुट्टीतला मुख्य उद्योग होता. म्हणून हे मी कानांनी ऐकून सांगते. मावशी मोजते. आमचं मशीन दहा फुटी. त्याचं शाईचं डोकं, म्हणजे हेड, एका डब्यात बसवलेलं असतं. तो डबा रुळावरून या टोकाहून त्या टोकाला धावतो. डब्यामागं शाईच्या नळ्यांची एक प्लॅस्टिकची साखळी असते, ती उलगडताना टक-टक ठोके पडतात. जाताना सोळा, येताना सोळा. मावशीच्या ओठांवर तेवढंच असतं. चाखण्याचं म्हणाल, तर त्या शाईचा वास एकदा घेऊन बघा. चाखायची इच्छा कुणाला होणार नाही.

हे मोजणं ती आमच्याकडं शिकलेली नाही. लग्नाआधी ती इचलकरंजीत यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची. चाळीस माग एकदम खडखडत असायचे आणि ही त्यांच्याकडं पाठ करून बसलेली. तरी मधेच ओरडायची, "सातव्याचा धागा जातोय बघा!" मागवाला तिथं पोचेपर्यंत धागा गेलेला असायचा. मुकादम तिला विचारायचा, तुझ्या पाठीला डोळं हायत काय? ती म्हणायची, "पाठीला कान हायत."

मग लग्न होऊन कागलला आली. सकाळच्या एसटीनं कोल्हापूर गाठून आमच्या दुकानात लागली ती मागच्या टेबलावर. छापून आलेल्या फ्लेक्सच्या कडा दुमडायच्या, चिकटवायच्या आणि दोरी ओवायला पितळी कड्या ठोकायच्या. एक फूट सोडून एक कडी, हातोडीचे दोन घाव. चार वर्षं तिनं तेच केलं. आण्णा मूळचे पेंटर. गावोगावच्या दुकानांच्या पाट्या त्यांनी ब्रशनं रंगवल्या, आणि फ्लेक्स आल्यावर ब्रशांचा डबा माळ्यावर टाकून हे मशीन घेतलं. मशीन त्यांनी घेतलं खरं, पण ते चालवायचं अंगात नव्हतं. त्यासाठी आणलेला पहिला ऑपरेटर पुण्याला पळाला. दुसरा तर बॅनर अर्धा मशीनवर असतानाच गोव्याला निघून गेला.

त्या दिवशी मावशी हातोडी ठेवून उठली आणि राहिलेला अर्धा बॅनर पुरा केला. आण्णा बाहेरून आले, जोड कुठं दिसतोय का ते बघितलं.

"कुणी काढला ह्यो?"

"मी काढला."

"तुमाला कवापासनं येतंय?"

"चार वर्सं मागं बसून आयकतोयच की."

आमच्याकडं बायका 'मी आयकतो' असंच म्हणतात. तेव्हापासून मशीनसमोरची लाल प्लॅस्टिकची खुर्ची मावशीची झाली. तिच्या लेकीनं, संघप्रियानं, लोकरीची उशी विणून दिली, ती खुर्चीवर आली. मावशी घरी जाताना उशी कपाटात ठेवायची आणि सकाळी आली की आधी उशी काढायची, मग चप्पल.

आता त्या चैत्राची गोष्ट.

पाडव्याला दुकान बंद असतं. मावशीला सुट्टी होती. आण्णा भल्या सकाळी जोतिबाला जाऊन आले आणि आम्ही दोघं मशीनची पूजा करायला दुकानात गेलो. नारळ, हार, उदबत्ती. तबक माझ्या हातात होतं. एवढं झाल्यावर आण्णांचं मन भरेना. त्यांनी मशीनचं झाकण वर केलं, डोंगरावरून आणलेला गुलाल मुठीत घेतला आणि आत रुळावर पाच बोटं ओढली. "पोटात जाऊ दे," म्हणाले. "वर लावून काय उपेग?"

पाडव्यानंतर पंधरा दिवसांनी जोतिबाची चैत्री यात्रा. यात्रेकरूंच्या स्वागताचे बॅनर आमच्याकडं ढिगानं आले होते. तुम्ही असे बॅनर बघितले असतील. वर देव, मधे 'सहर्ष स्वागत', आणि खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग. सगळे हात जोडून, सगळे पांढऱ्या कपड्यांत, मिशीला पीळ दिलेला.

पाडव्यानंतर सहाव्या दिवशी पेठ वडगावचे भाऊसो दुकानात शिरले. काखेत गुंडाळलेला बॅनर होता. तो त्यांनी फरशीवर उलगडला आणि स्वतःच्या फोटोवर चपलेचं टोक ठेवलं.

"आण्णा, ह्यो कोण?"

"तुमीच की भाऊसो."

"माझ्या मिशीखाली मिशी कशी काय आली ओ? आणि नाकं किती लावलासा? मोजा."

आण्णांनी मोजली. दोन होती.

"डावीकडनं तिसरा मी. बाकीच्यांस्नी एक-एक. मलाच दोन कशापायी? बायको म्हणती, दोन नाकं असूनबी घरात गॅस गळतोय त्याचा वास येत न्हाय तुमाला."

मला हसू आवरेना म्हणून मी पडद्यामागं गेले. तिथं मावशी इतर बॅनर उलगडून बघत होती. कागलच्या बॅनरवर डावीकडून तिसऱ्याला दोन नाकं. बाजार समितीच्या बॅनरवर डावीकडून तिसऱ्याला दोन चष्मे. ती हसली नाही. तिनं एका हातानं खुर्चीवरची उशी उगाच सारखी केली.

आण्णांनी पुण्याला फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनिअर आला. बारीक माणूस, गळ्यात मोबाइलचा पट्टा, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी 'ॲक्च्युअली'. त्यानं एक चाचणी छापली. त्यात शाईच्या प्रत्येक छिद्राची एक रेघ उमटते, आणि जी रेघ उमटत नाही ते छिद्र बंद. चार रेघा गायब होत्या.

"ॲक्च्युअली, हेड गेलंय हो तुमचं," तो म्हणाला. "नवीन मागवावं लागेल. परदेशातून येतं. तीन आठवडे धरा."

"यात्रा आठ दिसांवर आलीया ओ!"

"त्याला मी काय करणार? बरं, ऑपरेटर कोण आहे?"

आण्णांनी खुर्चीकडं हात केला. इंजिनिअरनं मावशीकडं बघितलं, मग उशीकडं.

"ट्रेनिंग झालंय का यांचं?"

"इचलकरंजीत झालंय," मावशी म्हणाली.

"तिथं कुठलं सेंटर आहे?"

"मागाचं."

तो आण्णांकडं वळला. "ॲक्च्युअली, हेड असं खराब होतं ते हाताळण्यामुळेच. माझ्याकडं एक मुलगा आहे, शिकलेला. नव्या हेडबरोबर त्याला पाठवतो."

"हेड चांगलं हाय," मावशी म्हणाली.

"मॅडम, चार रेघा गायब दिसतायत ना?"

"त्या दिवाळीपासनं गायब हायत. तवा समद्यांस्नी एकच नाक व्हतं."

इंजिनिअर जेवायला जायला निघाला. परत येऊन हेड काढतो, खोक्यात भरून पुण्याला नेतो, असं सांगून गेला. आण्णा डोकं धरून बसले.

"शालनबाई, त्यो शिकलेला मानूस हाय. तुमी उगं मधी बोलू नगा. त्यो पोरगा आला तर तुमी..." त्यांची नजर मागच्या टेबलाकडं गेली, हातोडीकडं.

"आण्णा, त्यो जेवून येस्तवर मशीन माझ्या ताब्यात द्या," मावशी म्हणाली. "तवर जमलं न्हाय, तर माझी मीच मागं जातो. तुमाला सांगाय लागणार न्हाय."

आण्णांनी मान हलवली आणि बाहेर जाऊन उभे राहिले. इंजिनिअर तांबडा-पांढरा रस्सा खायला गेला होता. पहिल्यांदाच खात होता, म्हणजे तासभर धरायला हरकत नव्हती.

मावशीनं मशीन काही न छापता नुसतं चालवलं आणि पत्र्याला कान लावला. डोळे मिटले. ओठ हलायला लागले. समोरच्या लेथवाल्यांनी एकमेकांना कोपरं मारली.

"तेजू, हिकडं ये," ती म्हणाली. "तुजं कान लांब हायत. काय आयकू येतंय?"

मी कान लावला. झ्युंऽऽ, टक, टक, टक, आणि टोकाला ठप्प. परत झ्युंऽऽ. मला सगळं सारखंच वाटलं.

"आता तोंडानं काढून दाखीव. आण्णांचा आवाज काढतीस तसा. सावकाश काढ."

मी काढला. मशीनची नक्कल मी तोवर कधी केली नव्हती. पण हळू करायला गेलं की जे नुसतं कानावरून जातं ते जिभेला लागतं. झ्युंऽऽ, टक, टक, टक, टक, ट्टक्... माझी जीभ अडखळली.

"हितं!" मावशीनं माझा दंड धरला. "कितवा?"

"पाचवा."

"आणि येताना?"

मी उलटा काढला. जीभ बाराव्याला अडखळली.

"जागा तीच. उचकी लागतीया मशीनला, पाचव्या ठोक्याला." ती उठली. "हेडला काय म्हाईत डावीकडनं तिसरा कोण हाय ते? हेड समद्यांच्याच तोंडावरनं जातंय. ते गेलं असतं तर समद्यांची नाकं गेली असती. बिघाड हेडात न्हाय, जागंत हाय."

तरी तिनं खात्री करून घेतली. कॉम्प्युटरवर भाऊसोंना तिसऱ्या जागेवरून उचलून सहाव्या जागेवर बसवलं, सहाव्याला तिसऱ्या जागेवर, आणि नुसती फोटोंची पट्टी छापली. भाऊसोंना एकच नाक आलं. त्यांच्या जागी गेलेल्या उपसरपंचांना दोन आली.

मग मावशीनं मशीन बंद केलं, झाकण वर केलं आणि बॅटरी घेऊन आत वाकली. रुळाच्या बाजूनं एक पारदर्शक पट्टी जाते, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिच्यावर केसाहून बारीक रेघा असतात. डब्याला एक डोळा असतो, तो या रेघा मोजत धावतो, म्हणून डब्याला कळतं की आपण कुठं आहोत आणि शाई कुठं सोडायची. माणूस मैलाचे दगड मोजत जातो तसं. मधला एक दगड दिसला नाही तर माणूस गडबडणारच.

बॅटरीचा झोत पाचव्या ठोक्याच्या जागी थांबला. मावशीनं बोट लावलं आणि बाहेर काढून माझ्यासमोर धरलं. बोट गुलाबी झालं होतं.

"ह्यो गुलाल आत कुणी टाकला?"

मी दाराकडं बघितलं. आण्णा पाठमोरे उभे होते.

मावशी खुर्चीवर टेकली. एवढा वेळ घाईत असलेली बाई एकदम सावकाश झाली. आमच्या दुकानात गल्ल्यावर जोतिबाचा फोटो आहे. मावशीच्या घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे. पाच-सहा वर्षांत या दोन गोष्टींवरून दुकानात कधी शब्द झाला नव्हता, कारण दोघांनीही तो होऊ दिला नव्हता.

"मी गपचीप पुसून टाकीन," ती हळू आवाजात म्हणाली. "पर मग त्ये दसऱ्याला परत टाकणार. आणि तुमच्या देवाच्या गुलालानं मशीन बिघडलं, असं मी म्हणलो, तर त्येंच्या मनात काय यील? म्हणतील, ही बाई निमितच बघत व्हती."

मी म्हटलं, "मी सांगतो की."

"तू सांगशील त्येंच्याच आवाजात, आणि थोबाडीत खाशील. थांब."

ती उठली. कपाटातून मलमलीचं धुतलेलं फडकं काढलं, साध्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलं. मी शाई धुवायच्या सॉल्व्हंटची बाटली पुढं केली तर तिनं माझ्या हातावर चापट मारली. "त्येनं पट्टीवरच्या रेघाच पुसून जातील, शाणे." मग तिनं हाक मारली.

"आण्णा, आत या. हात धुवून या."

आण्णा हात पुसत आले. "काय सापडलं?"

"पट्टीवर जोतिबाचा गुलाल बसलाय. डोळ्याला फुडचं दिसंना झालंय." तिनं फडकं त्यांच्या हातात दिलं. "देवाचा हाय. माझ्या हातानं पुसून केरात टाकनं बरं दिसत न्हाय. तुमीच पुसा. मी बॅटरी धरतो."

आण्णा फडक्याकडं बघत राहिले. मग आत वाकले. मावशी झोत धरून सांगत होती, "दाबू नगा. असं एका अंगानं. पट्टी वडू नगा. हां, आता फडक्याची घडी बदला." पाट्या रंगवलेला माणूस तो, हात कसा हलका ठेवायचा हे त्यांना सांगावं लागत नाही. त्यांनी पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसली. फडकं गुलाबी होत गेलं. शेवटी मावशीनं रबरी फुग्यानं डब्याच्या डोळ्यावर दोन फुंका मारल्या.

आण्णा सरळ उभे राहिले. मग फडक्यावर बोट टेकवून त्यांनी ते कपाळाला लावलं, फडक्याची नीट घडी केली आणि जोतिबाच्या फोटोमागं ठेवली.

"पोटात जाऊ दे म्हणलो व्हतो मी," ते म्हणाले.

"गेला की," मावशी म्हणाली. "पचला न्हाय."

आण्णा असे हसले की लेथवाले आत डोकावले.

मशीन चालू केलं. मावशीनं कान लावला नाही. नुसती उभी राहिली, ओठ हलत होते, आणि पाचव्या ठोक्याला तिची हनुवटी किंचित वर झाली. सोळा सरळ गेले, सोळा सरळ आले. भाऊसो डावीकडून तिसऱ्या जागेवर हळूहळू उतरायला लागले. आधी फेटा, मग कपाळ, मग एक नाक. आम्ही तिघंही वाकून मिशीची वाट बघत होतो. एकच आली.

इंजिनिअर डोळ्यांतलं पाणी पुसत परतला, ते तांबड्याचं होतं. बॅनर बघून थबकला. "हां, म्हणजे ॲक्च्युअली पट्टी घाण होती. मी तेच बघणार होतो."

"आण्णांनी पुसली," मावशी म्हणाली. "चा घ्या."

त्याचं खोकं रिकामंच पुण्याला गेलं. जाताना त्यानं मावशीला विचारलं की इचलकरंजीचं ते सेंटर अजून चालू आहे का. यात्रेचे सगळे बॅनर वेळेवर गेले. दसऱ्यापासून आण्णा गुलालाचा टिळा मशीनच्या बाहेरच्या पत्र्यावर लावतात, आणि लावण्याआधी विचारतात, "शालनबाई, हितं चालंल न्हवं?"

एक पैज सांगायची राहिलीच.

पट्टी पुसल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी दुकानाच्या पायरीवर रस्त्याकडं तोंड करून चहा पीत बसली होती. त्या उचकीपायी मला मशीनचा आवाज आता झकास जमायला लागला होता. लेथवाले दोनदा फसले होते. मी मावशीला म्हटलं, "तीनदा आवाज यील. मशीन का मी, वळकायचं. एकदा जरी चुकलीस तर आठवडाभर मी तुझी नक्कल करणार, गिऱ्हाइकांम्होरं."

"आणि न्हाय चुकलो तर?"

"तू म्हणशील ते."

"यात्रंचं बारा बॅनर हायत. समद्या कड्या तू ठोकायच्या."

मी आत गेले. पहिल्यांदा तोंडानं काढला, जाणं-येणं दोन्ही.

"तू," ती चहाची बशी न हलवता म्हणाली. "टोकाला पोचल्यावर श्वास घेतलास. मशीन घेत न्हाय."

दुसऱ्यांदा मी खरंच मशीन चालवलं.

"मशीन. आणि पिवळी शाई संपत आलीया, भर."

तिसऱ्यांदा मी जीव ओतला. श्वास आधीच भरून घेतला. झ्युंऽऽ, आणि बरोब्बर पाचव्या ठोक्याला ती उचकी टाकली, जशीच्या तशी. आण्णा आतल्या टेबलावरून धडपडत उठून मशीनकडं धावले. मला वाटलं, जिंकले.

पायरीवर मावशीनं बशी पालथी घातली.

"तू," ती म्हणाली. "त्या पट्टीवरची उचकी काल गेली, माझ्या डोळ्यांदेखत. आता ती आयकू आली तर तुझ्याच तोंडातनं यील."

बारा बॅनर, प्रत्येकाला बत्तीस कड्या. हातोडी मागच्या टेबलावर होती.